रफार कुणाचा?

"अगं ए, कढीपत्ता हवाय का?"

पार्ल्यातल्या आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडून अशी हाक आली की मी आधी गॅस बारीक करते. झाड काकूंच्या सोसायटीतलं, निम्म्या फांद्या आमच्या हद्दीत. हवा तेव्हा हात वर करून तोडायचा, विचारायची रीत गेल्या तीस वर्षांत पडलीच नाही. त्यामुळे काकूंनी विचारलं म्हणजे कढीपत्ता नाही, बातमी आहे.

काकू 74 वर्षांच्या. बँकेत क्लिअरिंगला होत्या. चेकवरची सही खरी की कुणी गिरवलेली, हे बघण्यात नोकरी गेली. माणूस समोर आला तरी त्या आधी नमुना सही आठवतात की काय, अशी मला शंका आहे.

मी गेले तर भिंतीवर स्टीलचं ताट आणि ताटात मेथीच्या दोन जुड्या. कोथिंबीर असती तर पाच मिनिटांचा मामला. दोन जुड्या मेथी म्हणजे तासाभराची निश्चिंती. मी परत जाऊन गॅस बंदच करून आले.

"भाचीचं ठरलं," काकू म्हणाल्या आणि एक काडी मोडून थांबल्या.

"कुणाशी?"

"ओळख."

"मी कशी ओळखणार?"

"तूच ओळखणार. दोन वर्षं ऐकतेयस त्याच्याबद्दल. ह्याच भिंतीवर."

"तो? तो गधडा?"

"तोच. आता जावई म्हणायचं."

दोघांची नावं इथे घेत नाही. लग्न व्हायचंय अजून, आणि ज्या ऑफिसात दोघं आहेत तिथे मराठी वाचणारे कमी असले तरी अगदीच नाहीत असं नाही. ऑफिस म्हणजे जाहिरात एजन्सी, लोअर परळला, जिथे पूर्वी गिरणी होती तिथे. भाची कॉपीत, म्हणजे मजकूर लिहिते. गधडा आर्टमध्ये. भाची पार्ल्याची, इंग्रजी शाळेतली, सेंट झेवियर्सची. तो लालबागचा, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून निघून जे.जे.च्या उपयोजित कलेत गेलेला.

ही फाळणी काही नवी नाही. मी स्वतः 1987 ते 2013 या धंद्यात होते आणि आत पाय ठेवला त्या दिवशी पहिली दिसली ती हीच. कॉपीवाले दक्षिण मुंबईचे, फाडफाड इंग्रजी बोलणारे. आर्टवाले गिरगाव, दादर, लालबागचे. जे.जे.मध्ये 1935 साली कमर्शियल आर्टचा वर्ग निघाला तेव्हापासून मराठी पोरं तिथून या धंद्यात येत राहिली. आमच्या स्टुडिओत रबर सोल्युशनच्या वासात मराठी बोललं जायचं, कॉन्फरन्स रूममध्ये इंग्रजी. गिऱ्हाइकासमोर कॉपीवाला बोलायचा, आर्टवाला बोर्ड धरून उभा राहायचा. चित्र त्याचं, पण आवाज दुसऱ्याचा.

आणि मी कुठे? मी 'लँग्वेज'मध्ये. झेरॉक्स मशीनच्या शेजारी तीन टेबलं होती, मराठी, हिंदी, गुजराती. संध्याकाळी सहाला इंग्रजी ओळ यायची, सकाळी नऊला तिचं मराठी हवं असायचं. मूळ ओळीत कोटी असेल तर ती मराठीतही हवी, शिवाय शब्द तेवढेच, कारण चौकट आधीच आखलेली. तेव्हा आम्हाला कुणी लेखक म्हणत नसे. हिंदीत विचार करून हिंदीतच जाहिरात लिहायची, हे पीयूष पांडे वगैरे मंडळींनी दाखवून दिलं तेव्हा कुठे आमची टेबलं झेरॉक्सपासून लांब सरकली. पांडे 1982 मध्ये ओगिल्वीत आले ते कॉपीत नव्हे, गिऱ्हाईक सांभाळायच्या खात्यात. 2025 च्या ऑक्टोबरात ते गेले तेव्हा त्यांना न भेटलेल्या माझ्यासारखीलाही घरचं कुणी गेल्यासारखं झालं. असो, मेथी राहिली.

"पहिलं भांडण आठवतंय का तुला?" काकूंनी विचारलं.

न आठवायला काय झालं? ते होर्डिंगचं. भाचीने वेस्टर्न एक्सप्रेस हायवेसाठी बारा शब्दांची ओळ लिहिली होती. तिची जोडी दुसऱ्याशी, पण तिच्या पाठीमागून जाताजाता हा गधडा म्हणाला, "सातच्या वर गेलीस तर वाचणारा पुढच्या रिक्षावर आदळेल." कुणी विचारलं नव्हतं. भाची तिरीमिरीत इथे आली आणि भिंतीला टेकून तिने त्याचा उद्धार केला. मी तेव्हा गप्प राहिले, कारण सात शब्द हा धंद्यातला जुनाच ठोकताळा आहे. बारा शब्द जास्तच होते.

मग दर रविवारी नवा अंक. एसी अठरावर ठेवतो. माझ्या स्टोरीबोर्डवर डबा ठेवला, तेलाचा डाग पडला. स्वतःच मथळे लिहितो. हे शेवटचं सगळ्यात गंभीर. आर्टवाल्याने मथळा लिहिणं म्हणजे शेजारणीने येऊन आपल्या आमटीत मीठ घालणं. आणि त्याहून वाईट कधी? ते मीठ बरोबर पडलं तर.

"ते मसाल्याचं काय झालं होतं गं नेमकं? मला कधी नीट कळलं नाही," काकू म्हणाल्या.

मसाल्याचं असं झालं. एका मसालेवाल्याने चार एजन्स्यांना पिचला बोलावलं होतं. पिच म्हणजे सगळ्यांनी फुकट राबायचं, रात्री जागवायच्या आणि काम एकाला मिळणार. आपली बाजू बळकट व्हावी म्हणून साहेब लोक ऑफिसातही दोन जोड्यांना एकच ब्रीफ देतात आणि आपापसात झुंजवतात. एक जोडी भाचीची, दुसरी त्याची. तीन आठवडे दोघं एकमेकांना बघितलं की लॅपटॉप मिटायची. प्रिंटरवरचा कागद विसरू नये म्हणून धावत जायची. भाचीने तर ब्रीफ समजून घ्यायला काकूंच्या मिसळणाच्या डब्याचे फोटो काढून नेले होते.

पिच झाली, काम मिळालं. पण मसालेवाला म्हणाला, ओळ हिची आवडली, चित्र त्याचं आवडलं, दोन्ही एकत्र करा.

"मग चांगलंच की!" काकू म्हणाल्या.

"काकू, चांगलं कसलं? धंद्यात ह्यापेक्षा मोठा अपमान नाही. तुमची पुरणपोळी आवडली, पण पुरण शेजारचीचं घाला, असं पंगतीत कुणी म्हणालं तर?"

काकूंनी हातातली काडी ताटात टाकली. त्यांना पटलं.

"पण मला एक सांग, ही माणसं कामाला जातात की भांडायला?"

आता हा प्रश्न माझ्या हक्काचा. मी सांगितलं, पूर्वी अमेरिकेतसुद्धा लिहिणारा मजकूर टाइप करून पाठवून द्यायचा आणि आर्टवाला त्याला चित्र जोडायचा. दोघांची गाठ पडलीच पाहिजे असं नव्हतं. न्यूयॉर्कच्या बिल बर्नबाखने हा रिवाज मोडला. 1949 मध्ये त्याने दोघा भागीदारांबरोबर स्वतःची एजन्सी काढली आणि कॉपी आणि आर्ट यांना एका खोलीत कोंडलं. काय भांडायचंय ते तिथेच भांडा, बाहेर या ते जाहिरात घेऊन या. फोक्सवॅगनची 1959 ची ती प्रसिद्ध जाहिरात, जवळजवळ सगळं पान कोरं आणि एवढीशी गाडी, ती अशाच एका जोडीची. लिहिणारा ज्युलियन केनिग, मांडणारा हेल्मुट क्रोन. तेव्हापासून जगभर एजन्स्यांत जोड्या लावतात. पटलं तर दहादहा वर्षं टिकतात, नोकरी बदलली तरी जोडीने बदलतात.

"म्हणजे लग्नच लावतं ऑफिस."

"आणि पत्रिकाही न बघता."

"मग सगळेच प्रेमात पडायला हवेत."

"सगळे कुठले? बहुतेकांना वर्षभरात एकमेकांचा खोकलाही सहन होत नाही."

तरी उदाहरणं काय थोडी आहेत? अमूल लोण्याची गुबगुबीत मुलगी घ्या. 1966 मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे ते काम आलं, युस्टेस फर्नांडिस यांनी मुलगी काढली. आणि 'अटर्ली बटर्ली'मधला 'अटर्ली' कुणाचा? डाकुन्हांच्या बायकोचा, निशाबाईंचा. त्या इंग्रजी शिकवायच्या. 'बटर्ली' हा शब्द तर कुठल्याच कोशात नव्हता, तो नवऱ्याने चिकटवला. इंग्रजीच्या बाईंनी तो चालवून घेतला.

"आणि तिचा त्याने?"

"साठ वर्षं चाललाय."

"आमच्याकडे मी सुचवलेला सोफ्याचा रंग चालला नाही," काकू म्हणाल्या.

मग मी मेरी वेल्सची गोष्ट काढली. ही माझी आवडती. न्यूयॉर्कची ही बाई 1966 मध्ये स्वतःची एजन्सी काढून बसली. ब्रॅनिफ नावाच्या विमान कंपनीची विमानं तिने रंगीबेरंगी करून टाकली होती, हवाईसुंदऱ्यांना इटलीच्या एमिलियो पुचीचे कपडे घातले होते. 1967 मध्ये तिने त्याच कंपनीच्या मुख्य साहेबाशी, हार्डिंग लॉरेन्सशी लग्न केलं. आणि थोड्याच दिवसांत ब्रॅनिफचं काम सोडून टीडब्ल्यूए या मोठ्या विमान कंपनीचं घेतलं.

काकूंचा हात थांबला. "नवऱ्याचं गिऱ्हाईक सोडलं?"

"सोडलं."

"आणि नवरा?"

"नवरा ठेवला."

"शहाणी बाई," काकू म्हणाल्या आणि पहिली जुडी संपली.

भाचीकडे परत येऊ. मसाल्याचं काम सुरू झालं आणि महिन्याभरात तिचा जोडीदार जास्त पगारावर दुसऱ्या एजन्सीत गेला. या धंद्यात पगार वाढवायचा राजमार्ग तोच. गधड्याची जोडीदारीणही बाळंतपणाच्या रजेवर गेली. उरले दोन एकटे, आणि मसाल्याचा पदार्थ अर्धा ह्याचा अर्धा तिचा. साहेबांनी दोघांना एका टेबलावर बसवून टाकलं. त्या रविवारी भाचीने भिंतीवर जे काही सांगितलं ते छापण्यासारखं नाही. राजीनामा देणार होती. वयाच्या एकतिसाव्या वर्षी बी.एड. करणार होती.

"आणि मग तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर. तीन आठवडे तिने त्याचं नाव घेतलं नाही."

"त्यावरून?"

"अगं, दोन वर्षं उठता बसता तो असा नि तो तसा. तीन आठवडे काहीच नाही? एवढे दिवस खातं हलत होतं आणि एकदम व्यवहार बंद, तर बँकेत आधी आम्ही तेच खातं काढून बघायचो."

मला काहीच कळलं नव्हतं. उलट मी फसलेच होते. गणपतीनंतर भाची दर रविवारी संध्याकाळी माझ्याकडे यायला लागली होती. "मावशी, मला ऱ्हस्व-दीर्घ शिकव." मी हरखले. नव्या पिढीची पोर स्वतःहून शुद्धलेखन शिकायला येते म्हणून मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं. भाषेचं प्रेम आहे असं वाटलं मला.

त्याच्या मागची गोष्ट मला त्या दिवशी भिंतीवर कळली.

भाची मराठी बोलते छान, ओळ सुचतेही मराठीत, पण शाळा इंग्रजी. वेलांट्या अंदाजाने पडतात. मसाल्याच्या मराठी जाहिराती तीच लिहायची आणि कधी एक चूक परत आली नव्हती. तिला वाटायचं आपलं मराठी आता सुधारलंय. मग भाद्रपद आला. लालबागचा मुलगा गणपतीत ऑफिसात कसला सापडतोय! अकरा दिवस रजा, फोन बंद. त्या अकरा दिवसांत तिची कॉपी दुसऱ्याच माणसाने लावली आणि गिऱ्हाइकाकडून परत आली ती लाल खुणांनी भरून. 'स्वादीष्ट'. 'परीपूर्ण'. 'आणी'. आठ ओळींत अकरा चुका. मसालेवाल्यांचे मार्केटिंगचे गृहस्थ पुण्याचे, त्यांनी खाली एक वाक्यही लिहिलं होतं, ते काकूंनी मला सांगितलं नाही.

भाचीला आधी वाटलं दुसऱ्या माणसाने घोळ घातला. मग तिने स्वतःची मूळ फाइल उघडली. चुका तिच्याच. मग मागच्या चार महिन्यांच्या फाइली उघडल्या. तिने पाठवलेल्या प्रत्येक कागदावर 'आणी' आणि छापून आलेल्या प्रत्येक जाहिरातीत 'आणि'.

एक अक्षर न बोलता चार महिने तो तिचं शुद्धलेखन निस्तरत होता. संगणकात मराठी लावणं तसंही जिकिरीचं. आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खूण करायची राहिली की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षर ओलांडून भलतीकडे जाऊन बसते. त्यामुळे तो प्रत्येक शब्द नाहीतरी डोळ्यांखालून घालायचा. जाताजाता हेही.

ती चिडली. हे मला आवडलं, की ती आधी चिडली. माझ्या कॉपीला हात कुणी लावायचा? रात्री कुठूनकुठून नंबर मिळवून मंडपात फोन लावला. मागे ढोल. ती ओरडली, "तू माझं शुद्धलेखन सुधारत होतास?" तो तिकडून ओरडला, "वेलांटी चुकली की मला लेआउट लागत नाही."

एवढंच. मेहेरबानी केली नाही, गुण मागितले नाहीत. शब्द चुकला की त्याला चित्रच वाकडं दिसतं. या मुलाने म्हणे शाळेपासून कमल शेडग्यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं वर्तमानपत्रांतून कापून वहीत चिकटवली आहेत. र. कृ. जोशींचं नाव घेतलं की कान धरतो. जोशी उल्का एजन्सीत होते, कवी, अक्षरकार, आणि संगणकावरचं आपलं 'मंगल' अक्षर त्यांनीच घडवलेलं. हे ऐकल्यावर माझ्या मनातला गधडा निम्मा विरघळला.

"आणि ह्याला तुम्ही प्रेम म्हणता?" मी काकूंना मुद्दाम डिवचलं.

"ह्याला नाही. प्रेम पुढे आहे."

"पुढे काय?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. वॉचमन लांब होता. त्या भिंतीवर वाकल्या. "त्याने तिला आपला पगार सांगितला."

मी मेथी खाली ठेवली.

ज्यांनी एजन्सीत काम केलं नसेल त्यांना यातली मेख कळणार नाही. तिथे लोक घटस्फोट सांगतात, आजार सांगतात, दारू पिऊन रडतात, पण पगार सांगत नाहीत. नेमणुकीच्या पत्रातच लिहिलेलं असतं, गुप्त ठेवा. याने एका रात्री, अंडाभुर्जीच्या गाडीवर, स्वतःहून सांगितला. दोघांचा हुद्दा एक, अनुभव सारखा, आणि त्याचा पगार महिन्याला 14,000 रुपयांनी जास्त. "मला वाटलं तुला माहीत असायला हवं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी भाची साहेबांच्या केबिनमध्ये. बजेट नाही, पुढच्या वर्षी बघू, नेहमीचं सगळं झालं. मग तिने दुसरीकडचं पत्र आणून टेबलावर ठेवलं आणि एप्रिलमध्ये पैसे वाढले. पूर्ण नाही, 11,000.

"तीन हजार अजून बाकी आहेत," काकू म्हणाल्या. "पण मुलगा सोन्यासारखा. आमच्या ह्यांनी मला 31 वर्षं बोनसचा आकडा कळू दिला नाही. मी बँकेत, खातं माझ्याच शाखेत, तरी."

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली आणि ती मी काकूंना सांगितली, कारण भांडणातून प्रेम म्हटलं की सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या एका ऑफिसात, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एक वरिष्ठ आणि एक नवी शिकाऊ मुलगी यांचं रोज वाजायचं. तो तिची कॉपी सगळ्यांसमोर फाडायचा आणि रात्री उशिरापर्यंत थांबवायचा. आम्ही हसायचो, जमणार बघ दोघांचं. मीही हसले. तिचं काही जमत नव्हतं. सहा महिन्यांनी ती एका सकाळी आलीच नाही, टेबलावर स्वेटर राहिला होता तो पावसाळ्यापर्यंत तिथेच. तेव्हा तक्रार कुणाकडे करायची हेही ठाऊक नव्हतं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा विशाखा खटल्याचा निकाल 1997 चा, कायदा 2013 चा. आता ऑफिसात दहा किंवा जास्त माणसं असली की तक्रार समिती नेमावीच लागते. मी निवृत्त झाले त्याच वर्षी कायदा आला.

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे दोघं बरोबरीचे आहेत ना गं?"

"तीन हजार सोडले तर."

"मग हरकत नाही. तीन हजारांवरून भांडू देत."

गोव्याचं मात्र त्यांना अजून पचलेलं नाही. ऑफिसच्या कामाला गोव्याला? मी समजावलं की 2006 पासून जाहिरातवाल्यांची जत्राच भरते गोव्याला, गोवाफेस्ट म्हणतात, बक्षिसं वाटतात. मसाल्याच्या होर्डिंगला तिथे काहीतरी मिळालं. ओळ भाचीची, सहा शब्दांची. नाव पुकारल्यावर ती स्टेजवर गेली आणि गधडा खाली खुर्चीवर उभा राहून नाचला. कॅडबरीच्या 1993-94 च्या जाहिरातीत ती मुलगी मैदानात नाचत शिरते ना, आणि 2021 मध्ये तीच जाहिरात उलटी केली, बॅट मुलीच्या हातात आणि नाचणारा मुलगा? तसं.

"खोल्या दोन होत्या ना?" काकूंनी विचारलं.

"काकू, ती एकतीस वर्षांची आहे."

"मी फक्त विचारलं."

दुसरी जुडी संपत आली तेव्हा त्यांनी पदराआडून खरी वस्तू काढली. लग्नाची पत्रिका. मजकूर भाचीचा, अक्षर त्याचं, हाताने बोरूने लिहिलेलं. 250 छापून आल्यात. मी चष्मा पुसला आणि वाचली. सुटसुटीत आहे. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' नाही, गणपतीचं चित्र नाही, तीन ओळी आणि बाकी पान मोकळं. बर्नबाखला आवडली असती. आणि भाचीच्या वेलांट्या सगळ्या जागच्या जागी. मास्तरणीला बरं वाटलं.

मग शेवटच्या ओळीवर मी अडखळले. तिथे 'आशीर्वाद' आहे. या शब्दावर निम्मा महाराष्ट्र घसरतो आणि रफार शीवर देऊन मोकळा होतो. याने काय केलंय, शीची वेलांटी झोकात उजवीकडे वळवली आहे आणि वाचा रफार डावीकडे ओढला आहे. दोन्ही एकमेकांत अडकलेत. रफार शीवर की वावर, काही कळत नाही.

"चूक आहे," मी म्हटलं.

"तेच विचारायला बोलावलं. दोघांचं काल रात्रीपासून बोलणं बंद आहे. ती म्हणते, मी बरोबर लिहिलं होतं, याने रफार हलवला. तो म्हणतो, रफार वावरच आहे, हिला बघता येत नाही. तो म्हणतो तिथे फार मोकळं दिसत होतं. पुन्हा छापायची तर पंधरा हजार."

"मग आता?"

काकू आत गेल्या आणि बँकेतलं भिंग घेऊन आल्या. पत्रिका भिंतीवर सपाट धरली, मेथीचं पान झटकलं. एक डोळा मिटून रफाराच्या शेपटापासून टोकापर्यंत भिंग फिरवलं. मग उलट. कुकर कुणाचातरी शिट्ट्या देत होता. बहुतेक वरच्या मजल्यावरचा.

"कुणाचा आहे?" मी न राहवून विचारलं.

काकूंनी भिंग मिटून पदराला पुसलं.

"खाडाखोड नाही," त्या म्हणाल्या. "पास करायला हरकत नाही."

तेव्हा पत्रिका तुमच्या हातात आलीच, तर कृपा करून मंडपात कुणाला काही बोलू नका.